चवथीआधी कापलेला खांब

दोष बाबाजी गवसांचा. कंत्राटदार प्रवीणचा नंबर त्यांच्यानंतर. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या चोपडे गावात सध्या जो तो नशिबाला बोल लावतोय, आणि नशीब काही करवत घेऊन आलं नव्हतं.

मी बोलतोय तो बाबाजींच्याच घरातला खांब. फणसाचा. विहिरीमागे झाड म्हणून वाढलो. बाबाजींच्या आजोबांनी पाडलं, एक वर्ष तळीच्या पाण्यात बुडवून ठेवलं. मग गावच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, मला तासून मधल्या खोलीच्या बरोब्बर मध्यावर उभं केलं. डोक्यावर तुळई, तुळईवर वासे, वाशांवर कौलं.

तेव्हापासून माणसं बघतोय. पान खाणारा प्रत्येक जण बोटाला उरलेला चुना माझ्या अंगाला पुसतो. आरतीत उभं राहून दमलेले म्हातारे मला पाठ लावतात, त्यांच्या पाठींनी मी तेवढ्या उंचीला गुळगुळीत झालोय. पण मी डोक्यावर काय धरलंय ते मान वर करून कोणी बघितलं नाही.

गवसांच्या चार घरांचा गणपती एकच. तो थोरल्याच्या, म्हणजे बाबाजींच्या घरी, माझ्यासमोर बसायचा. चवथीच्या आदल्या दिवशी तुळईला माटोळी बांधायची. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, दुधी, काकड्या, तोरिंजनं, रानातली फळं, चार घरांनी आणलेलं सगळं तिथे लटकायचं. त्या दिवशी माझा भार वाढायचा. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

बाबाजी बत्तीस वर्षं मुरगावच्या बंदरात कारकून होते. राहायला वास्कोला, घरी यायचे ते चवथीला. इथलं घर, गळकी कौलं, माटोळीची फळं, सगळं त्यांच्या धाकट्या भावाने, विठ्ठलने बघितलं. निवृत्त होऊन थोरले परतले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना शिकवायला लागले.

गेल्या वर्षी आरतीला अर्धी माणसं बाहेर सोप्यावर, ओसरीत उभी राहिली. पोरांच्या फोटोंत गणपतीच्या तोंडावर मी. विसर्जन करून आल्यावर विठ्ठल साधेपणाने म्हणाला, "दादा, माणसां मावनत नाय. फुडल्या वर्सापासून गणपती माझ्याकडे हाडूया. माझो हॉल मोठो आसा."

बाबाजींनी चुन्याचं बोट मला पुसलं आणि आत गेले. गणपती घरातून जाणार, म्हणजे थोरलेपण जाणार. माझं मरण त्याच दिवशी ठरलं.

आधी शांताराम मेस्तांना बोलावलं. मला उभं करणाऱ्याचाच हा मुलगा. त्याने माझ्यावर दोनदा थाप मारली, शिडी लावून तुळई बघितली आणि सांगितलं की खांब काढता येईल, पण दोन बाजूंना चिऱ्याचे पिलर बांधून वर लोखंडी गर्डर टाकावा लागेल, आणि ते काम चवथीनंतर. बाबाजींना 'नंतर' हा शब्द बोचला. मेस्त म्हातारा झाला, हातात दम राहिला नाही, असं त्यांनी त्याच्या पाठीमागे ठरवून टाकलं.

मग प्रवीण आला. चपला अंगणात काढल्या, बाबाजींच्या पाया पडला, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला. खांब काढणार? हो. छताला पांढरं सिलिंग? हो. चवथीआधी? आठ दिवस आधीच, भाऊ.

घरात एकीला हे पटलं नाही. बाबाजींची मुलगी सेजल. तिने बांधकामाचा डिप्लोमा दीड वर्षात सोडला होता, म्हणून घरात तिचं नाव 'अर्धी इंजिनेर'. तिने प्रवीणला विचारलं की खांब काढल्यावर वरचा भार कोण धरणार, आणि आधी केलेलं घर दाखव. त्याने फोनवर मोरजीच्या एका घराचा फोटो दाखवला. सेजल स्कूटर घेऊन थेट मोरजीला गेली. तिथल्या बाईने सांगितलं की फोटोतलं घर शेजाऱ्यांचं, ते दुसऱ्याच कोणी बांधलं. आपल्याकडे प्रवीणने फक्त न्हाणीघर केलं, आणि तिथलं पाणी भोकाकडे न जाता दाराकडे येतं.

सेजलने हे जेवताना सांगितलं. बाबाजी ताटावरून उठले. त्याच सकाळी ते देवळात प्रसाद लावून आले होते. आमच्याकडे घरातलं मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. भट मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, घरचा माणूस प्रश्न सांगतो, उजवी पाकळी आधी पडली की होकार. उजवी पडली होती.

"देवान दिलेल्या माणसाची झडती घेतंस?" ते म्हणाले. "शिकप पुराय करूक जमलां नाय, आणि देवाक शिकयतंस?"

भाग्यलक्ष्मी, सेजलची आई, ताटं उचलायला लागली. मी सगळं ऐकत होतो. देवाने सांगितलंय म्हटल्यावर मीही मान तुकवली. लाकूडच शेवटी.

प्रवीणच्या माणसांनी तुळईखाली चार लोखंडी पाइप टेकवले आणि सकाळी मला कापलं. एकदा गुळगुळीत भागाच्या जरा खाली, एकदा वर तुळईपाशी, आणि उरलेला बुंधा उपटला. मला वाटलं, आता गर्डर येईल. दुपारी पाइपच काढून नेले, मांद्र्याच्या दुसऱ्या कामावर लागत होते म्हणून. मी अंगणात दोन तुकडे होऊन पडलो होतो आणि माझा विश्वास बसत नव्हता. तुळई उघडी, एकटी, आणि खाली माणसं चहा पितायत!

शांताराम मेस्त वाटेवरून जाता जाता दारात थांबला. "वयर कोण धरता?" त्याने विचारलं.

"मेस्तकाका, जुनी तुळई ती. दगड आसा दगड," प्रवीण हसत म्हणाला.

मेस्त आत आला नाही. बाबाजींनीही बोलावलं नाही. चार दिवसांत पांढरं सिलिंग बसलं आणि खाली वाकायला लागलेली तुळई त्याच्यामागे झाकली गेली. माटोळीसाठी सिलिंगला भोकं पाडून आकडे तुळईत ठोकले. भावकी बघायला आली, सगळ्यांनी हॉल मोठा झाला म्हणून वाखाणला. बाबाजी माझ्या जागेवर उभे राहून हात पसरून दाखवत होते.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी माटोळी चढली. अंगणातून मला उघड्या दारातून सरळ दिसत होतं. दोघे भाऊ स्टुलांवर, खाली भाग्यलक्ष्मी गणपतीचा पाट पुसत बसलेली. शेवटचा नारळाचा घोस बांधला आणि नारळांवर पीठ भुरभुरल्यासारखं काहीतरी पडलं. कोणी बघितलं नाही. दारात उभ्या सेजलने बघितलं.

"आये, भायर यो," ती म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. "आये, ऊठ."

भाग्यलक्ष्मी उठली, पण पाट घेऊन उठली. तेवढ्यात गेलं सगळं. सिलिंग, तुळई, वासे, कौलं, चार घरांची फळं. भावांनी उड्या मारल्या. ती दारापर्यंत पोचली होती, डावा पाय मागे तुळईखाली राहिला.

संध्याकाळी बाबाजी तिला म्हापशाच्या इस्पितळात ठेवून परतले. सोप्यावर विठ्ठल, सेजल आणि ते. सकाळी मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून मूर्ती आणायची होती, ती कुठे न्यायची हे कोणी विचारत नव्हतं. सेजलने दुसरंच विचारलं.

"बाबा, देवाक नेमका काय विचारलेला?"

ते म्हणाले, "घराचा काम ह्या वर्सा करूचा काय नको."

"आणि प्रवीणाचा नाव?"

"नाव घेवक नाय. तो आदल्या दिसा येवन गेलेलो. माका वाटला, तोच."

मी अंगणात पडल्या पडल्या हादरलो. देवाला कंत्राटदाराचं विचारलंच नव्हतं. मोरजीची बाई, मेस्ताचा इशारा, पोरीची अक्कल, सगळं ज्या होकाराखाली दडपलं, तो होकार या माणसासाठी नव्हताच. आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सेजल उठली आणि मेस्ताला बोलवायला गेली. त्याने माझा लांब तुकडा उचलला, खाली दोन चिरे रचले आणि उरलेल्या छपराला मला टेकू लावला. आता मी तिथेच आहे. गुळगुळीत भाग आता गुडघ्याएवढ्या उंचीवर आलाय, त्यामुळे टेकायला कोणी येत नाही. प्रवीणचा फोन लागत नाही.

तुम्ही घराला हात घालणार असाल तर एवढं करा. कंत्राटदाराने केलेलं घर स्वतः जाऊन बघा, पावसाळा काढलेलं बघा, तिथल्या बाईला विचारा. तुमच्या तोंडावर नाही म्हणणाऱ्या मेस्ताला हाकलू नका. घरातली पोर वर बोट दाखवत असेल तर वर बघा, ती शिकली किती ते नंतर मोजा. आणि देवाला जे विचारलं नाही ते त्याने सांगितलं म्हणून सांगू नका.

भाग्यलक्ष्मी काठी घेऊन चालते. गवसांचा गणपती यंदा विठ्ठलच्या घरी बसला, आणि आता तो तिथेच बसणार.