तोंड भिंतीकडे

टँकर आला की सून आधी फाटक लावून घ्यायची. फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘आमच्या भट्टीत, आमच्या हातानं’. भट्टी मात्र मुलाच्या हाती कारभार आल्यापासून एकदाही पेटली नव्हती. दुसऱ्याच्या कारखान्यातलं स्पिरिट नळीनं टाकीत उतरायचं, त्यात पाणी, करपवलेल्या साखरेचा रंग आणि लाकडाच्या वासाचा अर्क पडला की दारू तयार. मुलाची आई बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे तिला कळत होतं. पण घर त्याच पोहऱ्यावर चाललं होतं.

हल्ली माल मात्र खपत नव्हता, म्हणून मुलानं जाहिरातवाल्याला बोलावलं.

“लोक दारू घेत नाहीत हो काकी, गोष्ट घेतात,” तो म्हणाला. “आणि तुमच्याकडे तर काका आहेत. भट्टी घालणारे.”

“ते गेले.”

“तेच म्हणतोय. गेलेले जास्त चालतात.”

मुलगा म्हणाला, “आई, बाबांचा फोटो दे ना. लेबलावर घेऊ.”

“फोटो नाही मिळायचा.”

तिनं नवऱ्याला शब्द दिला होता. मागणी भट्टीच्या आवाक्याबाहेर गेली तेव्हा त्यानं कुठून तरी स्वस्त स्पिरिटचा ड्रम आणला होता. पहिला घोट आपण घेतल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही, हा त्याचा नेम. त्यानं अर्धा ग्लास घेतला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं पांढरं धुकं आलं, मग काहीच उरलं नाही. तेव्हापासून तो खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचा. “माझं तोंड कुणी बघायचं नाही,” तो म्हणायचा. “मेल्यावरसुद्धा नाही.” मुलगा तेव्हा लहान होता. तापात डोळे गेले, असं तिनं त्याला सांगितलं होतं.

आता दोघं हटेनात, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. “छापायचं तर हे छापा,” ती म्हणाली. “विकतच्या दारूनं आंधळा झालेला माणूस.”

मुलाचा चेहरा उतरला. “तू ताप म्हणाली होतीस, आई.”

“हो.”

जाहिरातवाला पुढं सरकून बसला. मग हळूच म्हणाला, “डोळे गेले, पण जीभ राहिली... काकी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय दिलंत? नजर मिटली, चव उघडली! ड्रमचं तेवढं गाळू.”

तिनं मुलाकडे पाहिलं. हा आता त्याला हाकलून देईल, असं तिला वाटलं. मुलगा जमिनीकडे बघत होता.

“नाहीतर फाटकाला कुलूप लावायचं, आई. तूच सांग. लावू?”

सून दारात उभी होती. शेवटी आई उठली आणि कपाटातल्या साड्यांच्या तळातून फोटो काढून आणला. तो आंधळेपणाच्या आधीचा होता. डोळे टक्क उघडे, ओठांवर हसू. जाहिरातवाल्याच्या चित्रकारानं लेबलावर ते डोळे मिटले. हसू तसंच ठेवलं.

नवा माल भरायला घेतला त्या दिवशी ती एकेक बाटली पुसून खोक्यात ठेवत होती. नव्या खोक्यांना समोरून काचेसारखा पारदर्शक कागद होता. मुलगा येऊन वाकला.

“हे काय? बाबांचं तोंड आत केलंस तू. गिऱ्हाइकाला काय पाठ दिसणार?”

“त्यांना तसंच बरं वाटायचं.”

“आई, प्लीज.”

तो गुडघ्यावर बसून एकेक बाटली फिरवू लागला. काच काचेला लागून किणकिणत होती. तिनं बराच वेळ पाहिलं. सकाळपासून उभं राहून त्याच्या पायांना सूज आली होती.

मग तिनं पुढची बाटली उचलली, मिटलेल्या डोळ्यांवरून फडकं फिरवलं आणि तोंड बाहेर करून ठेवली.