साठ टाक्यांचा फोटो

जावई घरात राहायला आला की सासूने काय काय सोसायचं याला काही माप? तिसऱ्या वर्षी त्याने आधी मोरीच्या दारावर काळी चादर टांगली, मग आतला दिवा काढून तांबडा लावला, आणि आता तिन्हीसांजेला तिचं बसायचं स्टूल उचलून गल्लीत नेऊन ठेवायला लागला. त्याच्यावर एक काळा डबा. डब्याला पुढे एक भोक, मागे तांबडी खिडकी. म्हणे कॅमेरा.

"अहो जावईबापू, माणसं दिवसा फोटो काढतात. उजेड फुकट असतो तेव्हा."

"दिवसाचं सगळ्यांना दिसतंच की, आई," जावई म्हणाला. तो छापखान्यात कामाला होता, आणि बोलायचा इतका कमी, की शब्दांचे वेगळे पैसे पडतात असं वाटावं.

ही सासू म्हणजे शिलाईवाली. गल्लीत तिला कात्री म्हणत, बहुतेक पाठीमागे. ते तिला माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. खाली दुकान, वर घर, मध्ये गल्लीच्या बाजूने सात पायऱ्या. नवरा गेल्यावर याच दुकानावर तिने लेकीला वाढवलं होतं. दुकानाला कुलूप ती स्वतः लावायची, किल्ल्या कमरेला असायच्या, आणि झोपायच्या आधी खाली उतरून कुलूप एकदा ओढून बघायची. दुसऱ्या कुणी ओढलेलं तिला चालायचं नाही.

आणि इथेच तिचं दुखणं होतं. चार वर्षांपासून अंधार पडला की तिला दिसेनासं व्हायचं. दिवा दिसायचा, दिव्याखालचं फार तर पांढरं काही, बाकी नाही. डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली होती. हे आता असंच राहणार, तो म्हणाला. तिने घरी येऊन कुणाला चकार शब्द सांगितला नाही. सांगितलं की पहिल्या दिवशी किल्ल्या जातील, दुसऱ्या दिवशी दुकान, आणि तिसऱ्या दिवशी आपल्याला कोपऱ्यात उशी देऊन बसवतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा ती पायऱ्यांवरून पडली, तेव्हा लेकीने साबणाचं पाणी सांडलं म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. लेकीने साबणाला हातही लावला नव्हता. त्यानंतर मात्र ती पडली नाही. आपले पाय शहाणे झाले, असं ती मनाशी म्हणायची.

त्या संध्याकाळी जावयाने गल्लीतून हाक मारली. "आई, जरा दारात येता का? मोजायला माणूस पाहिजे."

"का? शाळेत शिकवलं नाही मोजायला?"

"खटका दाबून धरावा लागतो. मी तोंडाने मोजायला लागलो की हात हलतो. आणि तुमचं मोजणं घड्याळासारखं आहे."

हे खरं होतं. तिची शाळा दुसरीतच सुटली होती, पण हाताने टाके घालताना ती मोजायची, आणि टाक्याला टाका कधी मागेपुढे होत नसे. स्तुती कानावर पडली तशी ती दारात येऊन उभी राहिली. समोर काळंभोर. तिने चौकट घट्ट धरली.

"किती?"

"साठ. आणि हलायचं नाही. जो हलेल तो फोटोत येत नाही."

"एक... दोन..." तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. सव्वीसला एक सायकल किणकिणत गेली. एकतिसाव्याला समोरचा औषधवाला ओरडला, "कात्रीबाई, उधारी मोजताय का?" तिने बत्तीसच्या जागी बत्तीसच म्हटलं, पण असं, की तो गप्प झाला. साठ झाले.

"आता तो सायकलवालाही आला असेल तुमच्या डब्यात."

"नाही. तो थांबला कुठे?"

"म्हणजे पळपुट्यांना जागा नाही. डबा शहाणा आहे."

असे आठ फोटो, आठ संध्याकाळी. रोज एकच. एवढ्यानेच रीळ संपलं. मग रविवारी जावई फोटो धुवायला दुपारभर मोरीत कोंडून बसला, आणि सासू दाराबाहेरून "हातपाय धुवायचे की नाही माणसांनी?" असं विचारत राहिली.

संध्याकाळ व्हायच्या आधी त्याने फोटो शिलाईच्या टेबलावर मांडले. तळहाताएवढे. तिने सुई ओवायचं भिंग घेतलं.

आणि पहिल्याच फोटोवर भिंग थांबलं.

गल्ली होती. तिची रात्रीची गल्ली, चार वर्षांत न दिसलेली. कौलांच्या कडा, नळाखाली पालथी घातलेली कुणाची बादली, तिच्या खिडकीतल्या तुळशीची सावली. डोळ्याला जे गोळा करता येत नव्हतं, ते त्या डब्याने साठ टाक्यांत गोळा केलं होतं. वर दारात ती स्वतः उभी. एक हात चौकटीवर, बुडणाऱ्याने काठ धरावा तसा.

भिंग खाली सरकलं. सात पायऱ्या. प्रत्येक पायरीच्या काठाला पांढरा पट्टा, अंधारात मोजून घ्यावा असा.

हे पट्टे जावयाने दोन वर्षांपूर्वी मारले होते. ती पडली त्याच आठवड्यात. "रंग उरला होता," म्हणाला होता. तिने त्याला चार माणसांत झापलं होतं, माझ्या पायऱ्यांची रांगोळी केलीत म्हणून.

"हा उजेड कुठला पायऱ्यांवर?" तिने मान वर न करता विचारलं.

"औषधवाल्याचा दिवा," लेक हळूच म्हणाली. "त्याने इकडे वळवून घेतलाय."

त्यावरूनही ती भांडली होती. माझ्या दारात काय डोकावतोस, असं म्हणाली होती. तो भला माणूस तेव्हा नुसता हसला होता.

म्हणजे पाय शहाणे झाले नव्हते. शहाणी दुसरीच माणसं होती. दोन वर्षं तिच्या शिव्या खाऊन रोज रात्री हीच माणसं तिला सात पायऱ्या उतरवत होती आणि परत चढवत होती. किल्ल्यांना कुणी हात लावला नव्हता. तिने कमरेला चाचपून पाहिलं. होत्या.

लेक घाबरून आईच्या तोंडाकडे बघत होती. जावई फोटोंच्या कडा सारख्या करत होता, उगाचच.

कात्रीबाईने भिंग ठेवलं. दारातला फोटो उचलला आणि यंत्रासमोरच्या भिंतीला टाचणीने लावला. मग स्टूल ओढून जावयापुढे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "रात्रीचं मला दिसत नाही, जावईबापू. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही बोलला नाहीत. पट्टे जरा बारीक मारलेत, उद्या जाड मारा. तेवढं सोडलं, तर तुमच्यात खोट काढायला मला जागा नाही."