टाकीनं प्यायलेलं हुर्राक

श्रीनाथबाबांच्या परसात संडासाची टाकी तुंबली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं, सेजलचं लग्न. झाकण काढून ठेवलेलं. काठावर हुर्राकाची, काजूच्या दारूची बाटली. कोरगावात ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. बाटली प्यायची आणि आत उतरायचं. शुद्धीवरचा माणूस त्या वासात उतरणार कसा? टाकी उपसायला आलेल्या भिकाजीच्या जातीतले पुरुष असेच उतरत आले होते. गेल्या वर्षी त्याचा बाप उतरला, त्याला दोराने ओढून वर काढावं लागलं. मेलेला.

भिकाजी सदऱ्याची बटणं सोडू लागला. तेवढ्यात त्याच्या बायकोने, सत्यवतीने बाटली उचलली आणि सगळी टाकीत ओतली.

"पियाली बघा तुमची टाकी. आता तिकाच सांगा उतरूक."

श्रीनाथबाब लालबुंद झाले. "खुळावलंस काय गो? तुमच्या जातीचाच काम ता!"

"जात आमची, बाब, टाकी तुमची. टँकर मागवा. ह्यो उतरचो नाय."

"टँकर येतलो खंयसून? दारात लग्नाची कमान हा!"

"मगे कमान काढा."

भिकाजी कुजबुजला, "सत्या, गावात परत कोण कामाक बोलवचो नाय."

"बोलवतले. घाण काय थांबता?"

ती तिथेच, काढून ठेवलेल्या झाकणावर बसून राहिली.

ऊन तापलं तसा वास स्वयंपाकघरात शिरला, मग मांडवात. पाहुण्या बायकांनी पदर नाकाला लावले. शेवटी हळद लागलेली सेजलच खिडकीतून ओरडली, "बाबा, कमान काढा, नायतर वऱ्हाड नाकाक रुमाल लावन अक्षता टाकतला!"

बायका फिसकन हसल्या. श्रीनाथबाब स्टुलावर चढले आणि झेंडूच्या माळा सोडू लागले.

टँकर आत आला. तळाचा गाळ उपसायला एक माणूस लागतोच, म्हणून ड्रायव्हरने सवयीने विचारलं, "उतरपी कोण?"

"कोण नाय," भिकाजी म्हणाला. "पाणी मारून गाळ पातळ करूया, पायपानच ओढ."

सदऱ्याची बटणं पुन्हा लावून त्याने काठावरूनच पाईप आत सोडला. टँकर घरघरू लागला. सत्यवती झाडाखाली जाऊन बसली आणि पदराने तोंड झाकून हसत, रडत राहिली.

संध्याकाळी दोघं घरी निघाली, तर शेजारच्या कुंपणावरून हाक आली. "रे भिकू, आमची पण भरलीहा. येतलंस?"

भिकाजीने बायकोकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "येतंय की! तुमचा गेट रुंद आसा मा?"