माझ्या कुशीतलं भोक

मी एक रिव्हॉल्व्हर बोलतोय. नळी, निळसर पोलाद, अक्रोडाची मूठ, सगळं आजोबांच्या काळातलं दिसतं. पण जन्म अलीकडचा. कंपनीने जुनं गाजलेलं मॉडेल पुन्हा काढलं, त्यातला मी. फरक एवढाच, की माझ्या डाव्या कुशीत किल्लीचं बारीक भोक होतं. किल्ली फिरवली की माझा घोडा हलायचा बंद.

अमेरिकेत, मोंटानातल्या लायलच्या बंदुकांच्या दुकानात मी काचेखाली पडून असायचो. तिथे रोज सकाळी कॉफीला म्हातारे जमायचे आणि त्या भोकावर तोंडसुख घ्यायचे.

"एवढ्या देखण्या चीजवर हे काय नसतं लफडं?"

"म्हणे ऐन वेळी आपोआप लागतं ते कुलूप."

"तू पाहिलंस लागलेलं?"

"पाहिलं नाही रे, पण सगळे सांगतात!"

मला वाईट वाटलं नाही. मला फारसं काही वाटतच नाही.

ऑरिन त्वेतने मला विकत घेतलं. गुरं सांभाळून थकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको मार्लिस म्हणाली, "कुलूप आहे ते बरंय. घरात पोरंबाळं येतात." पण कॉफीवाले त्याला सोडेनात. "काय ऑरिन, किल्ली बायकोकडे असते का?" शेवटी वैतागून त्याने लायलकडून कुलूप काढून घेतलं आणि भोकात बूच बसवलं. लायलने ते काम शीळ घालत केलं. आता मी अगदी जुन्यासारखा दिसतो म्हणून ऑरिन खूश झाला. दर रविवारी चर्चहून आला की तो मला तेल लावायचा.

वसंतात मार्लिस वारली.

चर्चच्या बायकांनी दुखवट्याच्या घरी हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या जेवणाची, भांडी आणून दिली. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी ज्या घरचं त्या घरच्या नावाची चिठ्ठी. ती रिकामी भांडी ओट्यावर तशीच राहिली, ऑरिनने एकही परत केलं नाही. शेजारी कुजबुजले, कारण आमच्याकडे असं कुणी करत नाही. रेडिओ बंद. मला तेल नाही. तो मला खणातून काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि खिडकीकडे बघत बसायचा. मग पुन्हा आत. कशासाठी काढतो ते मला कळत होतं. मी गार, तो गार. दोघांनाही काही वाटत नव्हतं.

एकदा मुलगी ज्युनेल न कळवता बिलिंग्ज शहरातून आली. मी टेबलावरच होतो. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, याला कुलूप आहे ना? लावा, आणि किल्ली मला द्या."

"काढून टाकलंय ते."

"का?"

"वाईट दिसत होतं."

 बाहेर जाऊन तिने लायलला फोन केला.

लायल लगेच आला. येताना डोनट घेऊन आला. थोडा वेळ हवामान झालं, गवताचं झालं. मग तो म्हणाला, "ते बूच सैल झालंय का बघतो. दे जरा, दुकानात नेतो."

"बूच घट्ट आहे."

लायलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं, थापा पुरे झाल्या. ऑरिन, मला ते न्यायचंय. तुझं मन ताळ्यावर येईपर्यंत."

"मी काही आजारी नाही."

"माहीत आहे. तरी दे."

 ऑरिनने दारात उभ्या ज्युनेलकडे पाहिलं, मग लायलकडे.

"कॉफीवाल्यांना काय सांगशील?"

"साफसफाईला आलंय म्हणेन. आणखी काय!"

ऑरिनने मला एका बोटाने टेबलावरून पुढे सरकवलं. "लेका, ते कुलूप काढायला नको होतं, नाही का?"

"कुलूप असतं तरी किल्ली तुझ्याच खिशात असती," लायल म्हणाला. त्याने मला रिकामं करून पिशवीत टाकलं आणि जाताना ओट्यावरची भांडीही उचलली. "ही मी देतो पोचवून."

आता मी लायलच्या तिजोरीत आहे. इथे मी एकटा नाही. आजूबाजूला गावातल्या बऱ्याच जणांच्या बंदुका आहेत, सगळ्यांवर एकच चिठ्ठी: साफसफाई. त्या भोकावरून सर्वांत जास्त खिदळणाऱ्याची रायफल माझ्या शेजारीच उभी आहे. बाहेर कॉफीवर वाद अजून रंगतात, आणि हल्ली त्यात ऑरिनचाही आवाज असतो.

शिकारीचा मोसम उघडला तेव्हा लायलने तिजोरी उघडली. "नेतोस का रे?"

ऑरिनने मला हातात घेतलं, वजन पाहिलं. "मनात अजून येतं रे कधी कधी," तो हळूच म्हणाला आणि त्याने मला परत ठेवलं. "तुझ्याकडेच राहू दे."

भोक असावं की नसावं, यावर तुम्ही खुशाल भांडा. पण ओळखीतला कुणी असा गप्प बसलेला दिसला, तर बुचाचं निमित्त शोधत बसू नका. सरळ जा आणि मागा. तो देईल. तो कुणीतरी मागायची वाट बघत असतो.