घड्याळजींच्या घरातली फवारणीची बाटली

प्रेम पुष्कळदा घाई करते, आणि ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच घाव बसतो. अशा वेळी अपराधी शोधू जावे, तर हाती केवळ एक शोकाकुल मनुष्य लागतो. मित्रांनो, मी अशाच एका घरातली जुनी फवारणीची बाटली आहे.

आरंभी माझ्यात नुसते पाणी असे. घरची गृहिणी ते कपड्यांवर शिंपडून इस्त्री करी. पुढे आजाराने तिची फुप्फुसे दुर्बळ झाली. रुग्णालयातून घरी पाठविताना डॉक्टरांनी बजावले, "आता फुप्फुसांना पुन्हा धक्का बसला, तर श्वास पूर्ववत होणार नाही."

तिच्या कन्येने मला नव्या कामाला लावले. रोज सकाळी ती खिडकी उघडून हातमोजे घाली, आदल्या दिवशीचे द्रावण ओतून देई आणि थंड पाण्यात मापाने जंतुनाशक ब्लीच घाली. कारण शिळ्या द्रावणाचे सामर्थ्य ओसरते. हवेत तिने माझा फवारा कधी उडविला नाही. आईपासून दूर, दुसऱ्या खोलीत फडके भिजवून ती दारांच्या मुठी, नळ, मोरीची फरशी पुसे, आणि काही वेळाने साध्या पाण्याचा हात फिरवी. अंगावर वा अन्नावर माझा थेंब पडू देत नसे.

"बाबा, यात दुसरं काहीही मिसळायचं नाही हं!"

"अगं, मी काय लहान आहे?"

आतून आई म्हणे, "लहान असते तर ऐकलं तरी असतं!"

बाबा घड्याळजी होते. भिंतीवरच्या घड्याळांची पितळी चाके ते व्हिनेगरमध्ये बुडवून उजळीत. त्यांच्या कामात उरलेला द्रव फेकण्याची रीत नव्हती. एका बाटलीचा तळ दुसरीत रिता करावयाचा, हे त्यांच्या हाताला जडलेले वळण होते.

एके दुपारी कन्या औषधे आणावयास गेली. आईला किंचित खोकला आला आणि बाबांचा धीर सुटला. गार वारा बाधेल म्हणून त्यांनी खिडकी लावली, उरलेले व्हिनेगर माझ्यात ओतले आणि मला घेऊन ते थेट तिच्या पलंगापाशी आले.

"अहो, चाकं संपली म्हणून आता मला घासताय की काय?"

"तू गप्प पड. एक जंतू शिल्लक ठेवत नाही."

"वास फार उग्र येतोय हो. पोरीनं काय सांगितलं होतं?"

"व्हिनेगर तर आपण खातो! त्यानं काय होणार?"

मित्रांनो, ब्लीचमध्ये व्हिनेगर वा कोणतेही आम्ल पडले की विषारी वायू निर्माण होतो. पलंगाच्या कठड्यावर त्यांनी माझा खटका पुन्हा पुन्हा दाबला. तिचे बोलणे खोकल्यात बुडाले. त्यांचेही डोळे चुरचुरू लागले, तेव्हा मला टाकून त्यांनी तिला उचलले आणि बाहेरच्या मोकळ्या जिन्यात नेले. शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलाविली.

ती परत आली, पण नाकाशी प्राणवायूची नळी घेऊन. यापुढे सुधारणा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. कन्येने वडिलांना बोल लाविला नाही. बाबांचे घड्याळांचे दुकान बंद आहे. ते दिवसभर पलंगाजवळ बसतात. "अहो..." एवढे म्हणून ती थांबते, उरलेल्या वाक्यास श्वास पुरत नाही. थट्टा होती की पाणी हवे होते, हे त्यांना उमगत नाही. तरीही ते वाट पाहतात.

मी मोरीच्या कोपऱ्यात रिकामी पडून आहे. मला कोणी पुन्हा भरील अशी आशा नाही, इच्छाही नाही. तुम्ही मात्र माझ्यासारख्या बाटलीवर आत काय आहे ते ठळक लिहा, तिला लहानांच्या हातापासून दूर ठेवा, आणि स्वच्छतेची दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नका, मग हेतू कितीही मायेचा असो.

त्या माउलीचा प्रत्येक श्वास थोडा सुलभ होवो. कन्येच्या थकल्या हातांना विश्रांती मिळो. आणि शेजारी बसलेल्या त्या वृद्धाला, कधीतरी, स्वतःकडे करुणेने पाहता येवो.