बंद डब्यातला निरोप

देवासच्या त्या कॉलेजच्या लायब्ररीत दुपारी पाय ठेवायला जागा नसे. टेबलावर एक जुना सर्व्हर, त्याला झेंडूचा हार, पुढे उदबत्त्या. वायर एकही जोडलेली नाही. आणि एक वाजला रे वाजला की शेजारच्या कॉम्प्युटरवर अक्षरं उमटत: ‘कुसुम, जेवून घे.’

"बिना बिजली के बोल रहा है, भिया!" मागून कोणीतरी ओरडे, आणि गर्दी हात जोडे.

सर्व्हर भगवंतरावांचा. कॉलेजची सगळी यंत्रं त्यांनी सांभाळली, आणि उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवला नाही. त्यांच्या पत्नी कुसुमावती याच लायब्ररीत कामाला. नवरा हयात असताना रोज एक वाजता यायचा तोच निरोप महिन्याभरानं पुन्हा दिसला, तेव्हा त्या हादरल्या आणि मंत्रतंत्र करणाऱ्या विपुल महाराजांकडे गेल्या.

"माई, आत्मा अटका है," महाराज डोळे फिरवत म्हणाले. "ते जेव म्हणतात, कारण स्वतः उपाशी आहेत. सुटका होईपर्यंत तुम्ही अन्न शिवायचं नाही!"

स्वतः महाराज पोहे-जलेबी चापूनच मंत्राला बसत. कुसुमावतींना मधुमेह. काल त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या, म्हणून त्यांची मुलगी उर्वशी सरदारपूरची परीक्षेची ड्यूटी सोडून धावत आली. ती याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. आईचा उतरलेला चेहरा पाहून तिला महाराजांचा संताप आला, आणि त्याहून जास्त रडू.

तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि हाराखालचा सर्व्हरचा डबा उघडला. "बघा. माहिती साठवणारी डिस्कच नाही. रिकामा आहे."

"आत्म्याला डिस्क लागत नाही, बेटी!"

"मग म्हणा मंत्र."

तिनं मोबाईलवरून काहीतरी बंद केलं. मंत्र म्हणता म्हणता महाराजांचा घसा बसला. एक वाजून गेला, पडदा कोराच राहिला. "कोई नास्तिक बैठा है," ते पुटपुटले. उर्वशीनं डबा हारासकट सायकल स्टँडवर नेऊन ठेवायला लावला आणि महाराजांना गप्प बसवलं. मग मोबाईलवर दोनदा बोट फिरवलं. डबा नाही, मंत्र नाही, आणि अक्षरं उमटली: ‘कुसुम, जेवून घे.’

"माझ्या वडिलांच्या, नानांच्या खोलीतले नऊ सर्व्हर मी दोन मोठ्या यंत्रांत एकत्र केले," ती म्हणाली. "डबे नेले नाहीत, डिस्क काढून आतलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. आता एकाच यंत्रात कितीतरी सर्व्हर आपापलं काम करतात. त्यात नानांचाही आहे. मधला महिनाभर तो बंद होता, एवढंच. एक वाजता हा निरोप पाठव, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं. तो सांगितलेलं करतोय. मघाशी मी तो बंद केला, आणि आत्ता चालू करून तोच निरोप पाठवायला लावला."

महाराजांना टेकरीवरच्या देवीची आरती आठवली आणि ते निघाले. गर्दीही पांगली. राहिली फक्त आई.

"म्हणजे हे जिवंत होते तेव्हाही रोज लिहीत नव्हते?"

उर्वशीला हे सुचलंच नव्हतं. तिचा जीव गलबलला. "नाही, आई. एकदाच लिहिलं. कामाच्या गडबडीत एखाद्या दिवशी विसरू नये म्हणून."

"मी रोज उत्तर द्यायचे गं. आताही. पडद्याला म्हणायचे, तुम्ही जेवलात का?" आई हुंदके देऊ लागली. उर्वशीनं तिला जवळ घेतलं, पण खोटं काही बोलली नाही.

"आई, गेलेल्या माणसाला भूक लागत नाही, आणि आपण जेवलो की नाही हेही कळत नाही. ते कळतं फक्त जिवंत माणसांना. नानांनी जेव म्हटलं होतं, आणि या माणसानं त्याच शब्दांवरून तुला उपाशी ठेवलं. कोणी चमत्कार दाखवला तर आधी डबा उघडून बघावा. आपलं माणूस त्यात नसतं. वाईट वाटतं, पण ते खरं असतं."

आईनं डोळे पुसले. "बंद कर ते. उत्तर ऐकणारं कोणी नाही."

उर्वशीनं निरोप थांबवला, जेवणाचा डबा सोडला आणि पोळीचा तुकडा मोडून आईपुढे धरला.

"आई, जेवून घे."