निम्मी हवा

कॅमेरा सरकवायची ट्रॉली भाड्याने आणायची लघुपट करणाऱ्या या मंडळींची ऐपत नव्हती, म्हणून कॅमेरामनने घरची व्हीलचेअर आणली. त्याच्या बाबांची. तो कॅमेरा मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि दिग्दर्शिका, म्हणजे त्याची बायकोच, मागून ढकलू लागली. पण शाळेच्या त्या लांबलचक व्हरांड्यात फरशीच्या सांध्यावर चाक आलं की चित्र उडी मारायचं. सहा वेळा मारली. मग पठ्ठ्याने चाकांतली निम्मी हवा सोडून दिली. सातव्यांदा शॉट असा अलगद सरकला की बायकोने टाळ्या वाजवल्या.

"तुझं डोकं कधीकधी भारीच चालतं हं!"

त्या कौतुकातच तो दुपारी खुर्ची घेऊन घरी आला, बाबांना पलंगावरून उचलून तिच्यात बसवलं आणि उरलेलं शूटिंग गाठायला आल्या पावली परत पळाला.

बाबा सुतार. पन्नास वर्षं रंधा मारलेले हात. पाय जाऊन दोन वर्षं झाली होती, पण पलंगापासून न्हाणीघरापर्यंत खुर्ची ते स्वतःच रेटत. कोणी मदतीला पुढे झालं की खेकसत. तेवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती, आणि ती कोणी काढून घेईल याची त्यांना धास्ती होती.

संध्याकाळी कॅमेरामनने दार उघडलं, तर बाबा न्हाणीघराकडच्या बोळाच्या मधोमध. पायजमा ओला, मान खाली.

"हात गेले रे माझे," ते म्हणाले. "दुपारपासून रेटतोय, कशीबशी इथवर आली, आता खुर्ची जागची हलत नाही. आता माणूस ठेवा, लंगोट बांधा, काय हवं ते करा. मी नाही म्हणणार नाही."

बाबांच्या तोंडून असलं बोलणं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याची नजर चाकांवर गेली. बाबांच्या वजनाने चाकं पार बसली होती. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. रात्री गुपचूप हवा भरावी आणि सकाळी म्हणावं, बघा, आली की ताकद! स्वतःचीच किळस आली त्याला.

"हात नाही गेले, बाबा. चाकांतली हवा मीच काढली होती. शॉटसाठी. भरायची राहिली."

त्याने सायकलचा पंप आणला, गुडघ्यांवर बसून दोन्ही चाकं टणक केली. बाबांनी एकदाच रेटलं. खुर्ची थेट न्हाणीघराच्या दारावर जाऊन आदळली.

आता शिव्या बसतील म्हणून तो वाट बघत उभा राहिला. त्याला त्या हव्याच होत्या. पण बाबा आपले तळवे उलटेपालटे करून बघत होते.

"दुपारपासून यांनाच शिव्या घालत होतो मी," ते म्हणाले.

मग ते आत गेले. एरवी पडले-बिडले तर म्हणून दार नुसतं लोटून घेत; आज कधी नव्हे ती आतून कडी लावून घेतली.